वरचा पोर्शन

देणारे : मॅडम, तुम्ही सारखं कागद कागद करता, म्हणून विचारतो. बुऱ्हाणपुरात आजवर किती घरं कागदावर किरायानं गेली असतील? आमच्या लालबागेत बघा, गल्लीत दर दोन घरांआड वरचा पोर्शन भाड्यानं दिलेला आहे. दोन खोल्या, ओटा, लेट-बाथ, पुढं वीतभर गॅलरी. नोंदणी केलेला करार एकाकडंही निघायचा नाही. कोणी येऊन सांगतं, अमक्याचा मेहुणा आहे, बँकेत लागलाय. कोणी सांगतं, आपल्याच समाजातले आहेत, मुलगी दहावीला आहे. घर दाखवलं, चहा झाला, एका महिन्याचा ॲडव्हान्स घेतला, चावी दिली. संपलं. पुण्या-मुंबईत म्हणे दलालाशिवाय घराचं दार उघडत नाही. इथं दलालाचं काम पाव्हणेरावळे फुकटात करतात. आणि माझं म्हणणं सरळ आहे : माणूस खरा असला तर कागद लागत नाही, माणूस खोटा असला तर कागदानं तो खरा होत नाही.

घेणारी : काका, घर ओळखीनं मिळतं हे मी नाकारतच नाही. मलाही तसंच मिळालं. रावेरच्या आमच्या मामांचे व्याही इथं केळीच्या धंद्यात आहेत, त्यांनी शब्द टाकला आणि मला नि आईला घर मिळालं. पण त्या शब्दाचं व्याज मी दर महिन्याला भरते. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्लॅब झिरपतो. हे मालकीणबाईंना सांगायचं तर आधी मामा आठवतात, मग व्याही आठवतात, मग मी कोपऱ्यात पातेलं ठेवते. दुसरी चावी त्यांच्याकडं असते. आम्ही गावाला गेलो की त्या टाकी बघायच्या निमित्तानं वर येऊन जातात. भाडं नगदच हवं, फोनपे नको. पावती मागितली तर म्हणाल्या, अगं, घरच्यासारखी ना तू? वास्तविक भाडं दिलं की लेखी पावती मिळणं हा किरायदाराचा हक्क आहे, तुमच्याच राज्याच्या कायद्यात लिहिलाय. पण घरच्यासारखं म्हटलं की पावती कशी मागणार? माझी तक्रार माझी उरत नाही, ती मामांच्या सोयरिकीवर जाऊन बसते. मी किरायदार असते तर बरं झालं असतं. मी दरमहा पैसे मोजणारी पाहुणी आहे.

देणारे : आणि पाहुणी निघेना झाली तर मालकानं काय करायचं, तेही सांगा. तो कायदा मी वाचलाय. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. जिथं तो लागू आहे तिथं घर खाली करून मागायची कारणं बाराव्या कलमात मोजून दिलेली आहेत. भाडं थकवलं आणि नोटीस मिळूनही दोन महिन्यांत भरलं नाही. परस्पर पोटभाडेकरू ठेवला. घराची नासधूस केली. मालकाला स्वतःला राहायला खरोखरच घर हवंय. अशी बरीच आहेत. पण मुदत संपली, हे कारण त्या यादीत नाही! नोटरीकडं जाऊन अकरा महिन्यांचा करार केला, अकरा महिने झाले, किरायदार म्हणाला मी जात नाही, तर त्या स्टॅम्पपेपरचं मी काय करू? आतल्या शहरात जाऊन जुनी दुकानं बघा. आजोबांच्या वेळचा भाडेकरू, आता नातू गल्ल्यावर बसतो, आणि भाडं इतकं की मालकाचा महिन्याचा चहा त्यात भागत नाही. दावा लावला तर मालकाचाही नातू तारखांना जातो. हे डोळ्यांनी बघत म्हातारा झालेला माणूस कागदावर कसा भरवसा ठेवेल? तो माणूसच बघणार. ज्याच्या मामाला मी ओळखतो त्याला मामाकडून निरोप धाडता येतो. कोर्टापेक्षा मामा लवकर पावतो.

घेणारी : बाराव्या कलमाशी थांबलात, काका. पुढं वाचलं असतंत तर तुमच्यासाठी वेगळं दार ठेवलेलं दिसलं असतं. ऐंशीच्या दशकात त्या कायद्यात एक प्रकरण घातलं. मालक निवृत्त सरकारी नोकर असेल, सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला असेल, विधवा, घटस्फोटिता किंवा अपंग असेल, आणि त्याला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी घर हवं असेल, तर त्यानं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. तिथं किरायदाराला आधी बचाव करू द्या म्हणून परवानगी मागावी लागते. तुम्ही नेपा मिलमधून निवृत्त, आणि नेपा मिल केंद्र सरकारची कंपनी. कायद्यानं तुमची काळजी माझ्यापेक्षा जास्त केलीय.

आणि अकरा महिन्यांचंही एकदा बोलू. १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो, वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा. नोंदवायचा म्हटलं की स्टॅम्प ड्यूटी आली, फी आली, खेपा आल्या. म्हणून सगळ्या देशानं मिळून वर्षाचा एक महिना कापून टाकला. तो कागद गॅसच्या जोडणीला चालतो, पोलिसांत माहिती द्यायला चालतो, आणि भांडण झालं की दोघांपैकी कोणाच्याच कामाचा उरत नाही. महाराष्ट्रानं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, पंचावन्नाव्या कलमात, वेगळी वाट धरली. करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि मालकानं नोंदवला नाही तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालक ते खोटं पाडेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी रावेरला गाडीत बसते आणि बुऱ्हाणपूरला उतरते, तेवढ्यात माझ्या बाजूचा हा आधार गळून पडतो. मधे काय आहे, तर केळीच्या बागा.

देणारे : पुण्यात नोंदणी झाली म्हणून घरं सोपी झाली का? तिथंही बायकांना, मुसलमानांना, एकट्या पोरांना घर मिळताना नाकीनऊ येतातच ना? आणि माझ्यासाठी ठेवलेल्या दाराचं म्हणाल तर त्यावर पाटी आहे, गरज सिद्ध करा. मुलगा इंदूरहून परत येतोय, लग्न ठरलंय, जिना चढवत नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं. मला गरज काहीच नाही, फक्त माणूस नको झालाय, तर?

घेणारी : फक्त माणूस नको. तिथंच यायचं होतं मला. घर सोडवून घेताना तुम्हाला हे बोलावं लागतं, घर घेताना आम्ही ते न बोलता ऐकतो. मी इथं आले तेव्हा व्याह्यांचा शब्द लागण्याआधी स्वतः हिंडले होते. इंदिरा कॉलनी, लालबाग रोड, स्टेशनच्या अलीकडं. फाटकावर पुठ्ठा लटकलेला असतो : किराये से देना है, केवल परिवार. मी नि आई मिळून परिवार होत नाही, हे मला फाटकाबाहेर कळलं. मिस्टर काय करतात? मिस्टर नाहीत म्हटलं की पुढचा प्रश्न, येणंजाणं कोणाकोणाचं असतं? मग पूर्ण नाव. पहिलं नाव कोणाला नको असतं, आडनाव हवं असतं. त्या आडनावानं भागलं नाही तर गाव, आणि गावावरून उमगलं नाही तर सरळ, तुम्ही कोणापैकी? मग स्वयंपाक. अंडं तरी? ओळख, ओळख म्हणून तुम्ही जिचं कौतुक करता ती चाळणी आहे, काका. तिच्यातून मी मामांच्या व्याह्यांमुळं खाली पडले. ज्याला व्याही नाहीत तो वर राहतो. या शहरात अर्ध्या लोकांचं पोट पॉवरलूमवर. आतल्या गल्ल्यांत खाली लूम आणि वर बिऱ्हाड, दिवसरात्र खटखट, भिंतींना हादरे. त्यातला एखादा शिकलेला पोरगा म्हणाला की आईला दमा आहे, कापसाच्या धुळीतून बाहेर, लालबागेकडं दोन खोल्या घेतो, तर त्याचा मामा तुमच्या ओळखीचा कसा असणार? तुमचे मामे वेगळे, त्याचे वेगळे.

(हे लिहिणारा मी मधे तोंड घालतो. बुऱ्हाणपुरातल्या जागेबद्दलची एक जुनी लेखी तक्रार एका परदेशी पाहुण्याची आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून जहांगीराच्या दरबाराकडं निघालेला असताना इथं थांबला. शहजादा परवेझ तेव्हा इथं होता. कोतवालानं रोला सराईत जागा दाखवली. समोरून दगडी, देखणी, आणि आत विटांच्या चार खोल्या, भट्टीएवढ्या नि भट्टीसारख्याच वरून गोल. गडी रागावला, असल्या जागेत राहण्यापेक्षा शहर सोडतो म्हणून कोतवालाला निरोप धाडला, आणि अखेर आपल्या तंबूंचा आसरा घेतला. खिशात राजाचं पत्र असलेल्या माणसालाही इथं दर्शनी भाग दाखवून आत भट्टी देत होते. मे महिन्यात स्लॅबखालच्या वरच्या पोर्शनमध्ये ज्यानं दुपार काढली आहे त्याला रोची बाजू पटेल. फरक इतकाच की रोकडं तंबू होता.)

देणारे : चाळणी म्हणालात ते लागलं, पण खोटं नाही. आता माझंही ऐका, कारण बिनचाळणीचं घर मी बघितलंय, जन्मभर राहिलोय त्यात. नेपानगर. अखबारी कागदाची देशातली पहिली मिल, १९५६ मध्ये नेहरूंनी येऊन राष्ट्राला अर्पण केली, आणि पुढं पंचवीसेक वर्षं देशात तेवढी एकच होती. मिलभोवती सगळी वसाहत कंपनीची. क्वार्टर कोणाला मिळायचं? ग्रेड बघून आणि नोकरीची वर्षं बघून. यादी लागायची, यादीत नंबर आला की चावी. माझ्या ओळीत एका बाजूला बिहारी, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर अन्सारी, कोपऱ्यावर आमचेच लेवा पाटील. कोणाच्या चुलीवर काय शिजतं हे वासावरून सगळ्यांना कळायचं, पण चावी देताना कोणी विचारलं नव्हतं. भाडं पगारातून कापून जायचं, ते किती होतं हेसुद्धा बायकोला ठाऊक नसायचं. नळ गळला तर चिठ्ठी लिहायची, कंपनीचा प्लंबर यायचा. तो उशिरा यायचा, पण तो येईपर्यंत मला कोणाचा मामा आठवायला लागत नव्हता.

घेणारी : मग झालं की! मी इतका वेळ हेच मागतेय. घर देणाऱ्यानं माझं तोंड बघायचं नाही, यादी बघायची. तुम्ही स्वतः तीस-पस्तीस वर्षं तसल्या घरात सुखानं राहिलात आणि आता स्वतःच्या जिन्यात उभं राहून आडनाव विचारता, याचं नवल वाटत नाही?

देणारे : पुढचं ऐका ना. सुखानं राहिलो, आणि रिटायर झालो. मुदत मिळाली, मुदतीनंतर राहिलात तर दंडाचं भाडं, अशी चिठ्ठी आली. त्याच ऑफिसातून, ज्यानं नळाला प्लंबर पाठवला होता. दोन्ही मुलं त्या घरात झाली, आई तिथं गेली, मागं लावलेला शेवगा घरावर आला होता. चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं, आणि असणारही कसं? ज्यानं येताना माझं तोंड बघितलं नाही तो जाताना का बघेल? चूक कोणाचीच नव्हती. माझ्या नंतरच्या माणसाचा यादीत नंबर होता. पण त्या दिवशी मला वाटलं, एखादा मालक असता, हाडामासाचा, शिव्या देणारा, दुसरी चावी ठेवणारा, तर त्याच्यापुढं जाऊन बसलो असतो. म्हटलं असतं, मुलीची परीक्षा होऊ द्या. त्यानं होऊ दिली असती. बायकोचे दागिने मोडून, फंड घालून लालबागेत घर बांधलं ते त्या चिठ्ठीच्या धसक्यानं. आता वरचा पोर्शन देतो तेव्हा मी कंपनी होऊ शकत नाही. मला तोंडच बघता येतं. माझ्या आधीच्या किरायदाराची नोकरी गेली, चार महिने भाडं नव्हतं, मी मागितलं नाही. कुठल्या कागदात बसतं हे?

घेणारी : बसत नाही. पण काका, तुम्ही मागितलं नाहीत कारण तो तुमच्या साडूच्या गावचा होता.

देणारे : होय. त्या गावचा नसता तर दुसऱ्या महिन्यात मागितलं असतं.

घेणारी : हा खरा गुंता आहे. तुमचं घर आठवण ठेवतं, म्हणून दया करतं, आणि आठवण ठेवतं म्हणूनच फाटकावर आडनाव विचारतं. कंपनीचं घर सगळ्यांना आत घेतं, कारण त्याला कोणीच आठवत नाही. मला तुमची दया नको असं मी म्हणेन, मला रीतसर हक्क द्या. पण माझी नोकरी खासगी शाळेत, उन्हाळ्याचा पगार मिळेल तर मिळेल. एप्रिल-मे मध्ये मला दयेचीच गरज पडते, हे मला माहीत आहे. आणि माझ्या मालकीणबाईंनी दोनदा ती केलीय. त्या दोन महिन्यांमुळंच तर दुसऱ्या चावीविषयी माझं तोंड उघडत नाही.

देणारे : चावीचं सोडा. मालकिणीच्या जागी मी असतो तर मीही ठेवली असती. बोअरची मोटर बंद करायची राहून गेली आणि तुम्ही रावेरला, तर?

घेणारी : तर फोन करावा. केंद्रानं आदर्श भाडेकरार कायदा म्हणून एक मसुदा राज्यांपुढं ठेवलाय, मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये मंजूर केला. त्यात मालकानं आत यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं आहे. राहत्या घराला अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. भांडण झालं म्हणून पाणी, वीज तोडायची नाही. आणि तुमच्या भीतीचाही इलाज आहे : मुदत संपूनही किरायदार बसून राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं, पुढं चौपट. मुदत संपली हे कारण त्यात चालतं. तुम्हाला हवं ते तुम्हाला, मला हवं ते मला.

देणारे : मसुदा. राज्यानं घेतला तर. दिल्लीत शिजलेलं लालबागेत वाढेपर्यंत माझा जिना मोडेल. आणि चौपट भाडं वसूल कोणाकडून? ज्याच्याकडं एकपट नाही त्याच्याकडून? पण एक कबूल करतो, भीतीनं घरं कुलपात राहतात हे खरं आहे. आमच्याच गल्लीत दोन बंगले बंद आहेत, मुलं बाहेरगावी, म्हातारे मुलांकडं. भाड्यानं द्या म्हटलं तर म्हणतात, नको रे बाबा, घुसला तर निघायचा नाही.

घेणारी : २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. एक कोटी! आणि बाहेर पुठ्ठे वाचत फिरणारी माणसं. प्रत्येक कुलपामागं भीतीच आहे असं नाही. काही घरं नुसती पैसे गुंतवायला बांधलेली, काही गावच्या वाटणीत अडकलेली. पण भीतीचा वाटा असेलच. आता एक लहान गोष्ट बोलू? मोठ्या कायद्यांपेक्षा मला ती रोज टोचते. मीटर.

देणारे : सबमीटर आहे ना तुमच्याकडं?

घेणारी : आहे, आणि दुखणं तेच आहे. राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत राहिला तर पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत. आता आमच्या घराचं गणित बघा. खाली मालकीणबाईंचे समजा एकशेवीस युनिट, वर आमचे सत्तर. वेगळे मीटर असते तर दोघी सवलतीत बसलो असतो, माझं बिल शंभराच्या आत राहिलं असतं. पण कंपनीचा मीटर एक. त्यावर एकशेनव्वद पडतात, सवलत दोघींची जाते. मग त्या सबमीटर बघून मला आठ रुपयांनी युनिट लावतात, म्हणजे सत्तर युनिटचे पाचशेसाठ. त्या लुबाडतात असं मी म्हणत नाही, त्यांनाही वरचं बिल भरावं लागतं. गरिबासाठी काढलेली सवलत गरीब वरच्या मजल्यावर राहतो म्हणून त्याला मिळत नाही. उन्हाळ्यात कूलर लावला की आणखी तीस-चाळीस युनिट, आणि कूलरला टाकीचं पाणी लागतं म्हणून बोलणी वेगळी. मी म्हटलं, दुसरा मीटर घेऊ, खर्च मी करते. त्यासाठी वर वेगळं बिऱ्हाड आहे असा कागद द्यावा लागेल म्हटल्यावर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, वेगळा मीटर म्हणजे वेगळं घर झालं ना गं. म्हणजे बघा काका, स्वतःचे महिन्याला काहीशे रुपये जाऊ देतात, पण कागद होऊ देत नाहीत.

देणारे : मीही होऊ दिला नसता. गेल्या वर्षी वीजवाल्या वायरमननंच सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. उगाच कोर्टात दाखवायला पुरावा नको. आता तुम्ही हिशेब मांडलात तर वाटतं, या भीतीपायी मी बराच पैसा भरलाय. पण भीती हिशेबानं जात नाही, मॅडम. जमीन-जुमल्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. या गावानं बादशहा, सुभेदार, पेंढारी सगळे येताना-जाताना बघितले. मुमताजमहल जून १६३१ मध्ये इथं गेली, पलीकडच्या काठी जैनाबादेत पुरली आणि डिसेंबरात आग्र्याला नेली. अकरा महिनेसुद्धा नाही झाले! इथं जो येतो तो जायचाच असतो, आणि जो जात नाही त्याची धास्ती वाटते.

घेणारी : आणि ज्याला जायला दुसरीकडं जागाच नाही तो?

देणारे : त्याचंच विचारायचं होतं. माझा वरचा पोर्शन पहिल्या तारखेपासून खाली आहे. तुम्ही मघाशी म्हणालात तसलाच पोरगा येऊन गेला. अन्सारी. बाप लूमवर, हा औषध कंपनीत नोकरीला लागलाय, आई सोबत राहणार, तिला खरोखरच दमा आहे. त्याच्याकडं आधार आहे, पगाराची स्लिप आहे, आधीच्या मालकाची चिठ्ठी आहे, पोलिसांत माहिती द्यायला तयार आहे. नोंदणीचा खर्चही देतो म्हणाला. तुमचा कागद शंभर टक्के पुरा. माझी ओळख शून्य. बायको म्हणते, शेजारचे काय म्हणतील? मी म्हटलं, नेपानगरात समोर अन्सारीच होते की. ती म्हणाली, ते घर आपलं नव्हतं.

घेणारी : द्या त्याला. करार करून द्या. अकरा महिन्यांचा नको, नोंदवून तीन वर्षांचा करा, भाडं दर वर्षी किती वाढणार ते लिहा, वर मीटर वेगळा घ्या. सगळं आपण म्हणतो तसं करून तर बघा.

देणारे : देतो. पण मला एक माणूस हवा. शेजाऱ्यांना, बायकोला सांगायला की अमक्यांनी सांगितलंय, पोरगा चांगला आहे. तुम्ही याच वस्तीतल्या मॅडम, शाळेतल्या, लोक तुम्हाला मानतात. तुमचं नाव घेऊ?

घेणारी : माझं? मी त्या मुलाला बघितलंसुद्धा नाही.

देणारे : तुमच्या मामांच्या व्याह्यांनीही तुम्हाला बघितलं नव्हतं.

घेणारी : घ्या नाव. पण मग तो तुमचा किरायदार राहणार नाही, माझा पाहुणा होईल. स्लॅब गळला तर तुम्हाला सांगायच्या आधी तो माझा विचार करेल. त्याला पावती हवी असेल तर तो गप्प बसेल, माझं नाव खराब होऊ नये म्हणून. मी ज्यातून निघायला धडपडतेय त्यातच त्याला ढकलायचं?

देणारे : नाहीतर त्यानं फाटकाबाहेरच उभं राहायचं. तुम्ही सांगा तसं करतो.

घेणारी : दोन अटी. भाडं फोनपेवर घ्यायचं, आणि वरची दुसरी चावी त्याच्याकडंच राहू द्यायची.

देणारे : फोनपे चालेल. चावीचं बायकोला विचारून सांगतो.